नेपाळच्या ४० मेगावॉटला सव्वादोन वर्षं का लागली? सीमेपार वीज विकायच्या परवानगीबद्दल सविस्तर

प्रश्न असा आहे: पावसाळ्यात नेपाळकडे वीज उतू जाते, बांगलादेशाला ती हवी आहे आणि मध्ये भारताची ग्रिड उभी आहे. मग अवघ्या ४० मेगावॉटच्या व्यवहाराला विनंतीपासून पहिल्या युनिटपर्यंत सव्वादोन वर्षं का लागावीत? आणि उद्या महाराष्ट्रातल्या एखाद्या वीज कंपनीला शेजारच्या देशात वीज विकायची असेल तर तिने सुरुवात कुठून करायची?

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. ‘अमुक देशाला वीज विकायला परवानगी आहे’ असा मोघम कागद कुणालाच मिळत नाही. कागदावर पाच गोष्टी बांधलेल्या असतात: कुठल्या केंद्राची वीज, किती मेगावॉट, कुठल्या सीमावाहिनीवरून, कोणत्या ट्रेडरमार्फत (वीज खरेदी-विक्री करणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत) आणि कुठल्या तारखेपर्यंत. यातली एक गोष्ट बदलली की कागद पुन्हा टेबलावर येतो. वेळ जातो तो या पाचांची एकमेकांशी सांगड घालण्यात. अर्ज भरणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

नियमांची चौकट थोडक्यात. भारताने ५ डिसेंबर २०१६ ला सीमापार वीज व्यापाराची पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात बाहेरच्या देशातल्या ज्या कंपनीत ५१ टक्के किंवा जास्त भारतीय मालकी असेल तिला एकदाच मान्यता आणि बाकीच्यांना दर प्रकरणी वेगळी, असा भेद होता. नेपाळ आणि भूतानला तो पटला नाही. १८ डिसेंबर २०१८ ला नवी तत्त्वं आली आणि ती अट गेली. २०१९ मध्ये केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने या व्यापाराचे विनियम केले: वाहिनीवर जागा कशी मागायची, शेड्यूल, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज जाणार याचं वेळापत्रक, कसं द्यायचं, फरकाचे पैसे कोण भरणार. आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने अर्ज मंजूर करण्याची कार्यपद्धती जाहीर केली. मंजुरी देणारा ‘नियुक्त प्राधिकारी’ म्हणजे या प्राधिकरणाचे वीज प्रणाली विभागाचे सदस्य. दैनंदिन शेड्यूल सांभाळतं राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र, म्हणजे एनएलडीसी. शेजारी देशांशी ग्रिडच्या हिशोबाची मिटवामिटव करते एनटीपीसी विद्युत व्यापार निगम, जिला सगळे एनव्हीव्हीएन म्हणतात. ही तीन दारं वेगवेगळी आहेत. एका दाराशी काम झालं म्हणजे दुसऱ्या दाराशी झालं, असं धरून चालणारे पहिल्याच वर्षी अडकतात.

आता नेपाळकडे येऊ, कारण अलीकडच्या वर्षांत या रस्त्याचा प्रत्येक खाचखळगा अनुभवलेली संस्था म्हणजे नेपाळ विद्युत प्राधिकरण. नेपाळची बहुतेक जलविद्युत केंद्रं वाहत्या पाण्यावर चालतात. साठ्याचं मोठं धरण म्हणावं तर कुलेखानी. त्यामुळे जूनपासून नद्या दुथडी भरून वाहतात तेव्हा वीज घ्यायला गिऱ्हाईक नसतं, आणि डिसेंबर ते एप्रिल पाणी आटलं की भारताकडून विकत घ्यावी लागते. २०२१ मध्ये ४५६ मेगावॉटचं अप्पर तामाकोशी सुरू झालं आणि पावसाळ्यातली शिल्लक एकदम डोळ्यांत भरू लागली. जनित्रं थांबवून पाणी तसंच सोडून द्यायचं, याला तिकडचे अभियंते ‘वीज खेर जाणं’ म्हणतात. दर तासाला पैसा नदीत वाहून जातो, आणि तो परत मिळवायचा कुठलाच मार्ग नसतो.

दोन देशांमध्ये वीज व्यापाराचा करार २१ ऑक्टोबर २०१४ लाच झाला होता. एप्रिल २०२१ पासून नेपाळ एनव्हीव्हीएनमार्फत इंडियन एनर्जी एक्स्चेंजवर, म्हणजे भारतातल्या विजेच्या बोलीबाजारात, वीज विकत घेऊ लागला होता. तरी विकायची मान्यता नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, आणि तीही ३९ मेगावॉटची: त्रिशूलीची २४ आणि देवीघाटची १५. दोन्ही केंद्रं भारताच्या मदतीने बांधलेली. ही निवड योगायोगाने झालेली नाही, आणि अर्ज करणाऱ्याने नीट पाहावी अशी गोष्ट इथेच आहे.

२०२१ च्या कार्यपद्धतीत एक कलम आहे. भारतात येणारी वीज ज्या कंपनीची असेल तिची मालकी, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, अशा तिसऱ्या देशातल्या व्यक्ती वा संस्थेकडे नसावी, ज्याची भूसीमा भारताला लागून आहे पण ज्याच्याशी भारताचा वीज सहकार्याचा करार नाही. प्रभावी नियंत्रण, पैशाचा उगम आणि अंतिम लाभधारकाचं वास्तव्य, तिन्ही पाहिलं जातं. देशाचं नाव कुठे लिहिलेलं नाही, पण रोख चीनकडे आहे हे सगळ्यांना कळतं. त्रिशूली आणि देवीघाटच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवणारच नव्हता, म्हणून ती आधी पार पडली. २०२२ च्या एप्रिलमध्ये काली गंडकी ‘अ’, मध्य मर्स्यांगदी, मर्स्यांगदी आणि लिखु-४ ही केंद्रं जोडली गेली आणि एकूण मान्यता ३६४ मेगावॉटवर गेली. अप्पर तामाकोशी मात्र त्या याद्यांत आलं नाही. त्याची मालकी नेपाळीच आहे, पैसाही नेपाळमधल्या संस्थांनी उभा केलेला. फक्त बांधकामाचा मोठा ठेका चिनी कंपनीकडे होता.

यातून शिकायचं ते असं. कलमाचे शब्द मालकीबद्दल आहेत, पण छाननी करणारा माणूस ठेकेदार आणि यंत्रसामग्रीपर्यंत जातो. म्हणून अर्जासोबत फक्त भागधारकांची यादी लावू नका. कंपनीत कोण, त्या कंपनीत कोण, त्याही मागे कोण, असं शेवटच्या माणसापर्यंत उलगडून दाखवा. कर्ज कोणत्या बँकेचं, बांधकाम कोणी केलं, टर्बाइन-जनित्र कुठून आलं, हे स्वतःहून लिहा. लपवलेली गोष्ट सापडली की एक केंद्र जातंच, पण त्याच अर्जातली बाकीची केंद्रंही त्याच्याबरोबर लोंबकळत राहतात. म्हणूनच जाणकार शंकास्पद केंद्रांचा अर्ज वेगळा ठेवतात आणि स्वच्छ केंद्रांचा वेगळा. मान्यता मिळाल्यावर भागभांडवल विकलं गेलं तर तेही कळवावं लागतं. नेपाळमधल्या खासगी प्रकल्पांत मालकी वरचेवर बदलते आणि नेमकं हेच कळवायचं राहून जातं.

दुसरी हमखास चूक आकड्यात होते. मेगावॉट मोजायचा कुठे? केंद्राच्या पाटीवरचा आकडा वेगळा, जनित्रातून निघणारा वेगळा आणि सीमेपलीकडच्या मीटरवर दिसणारा वेगळा. समजा २५ मेगावॉटचं केंद्र आहे. स्वतःच्या वापराला एक टक्का गेला, उरले २४.७५. तिथून सीमेपलीकडच्या उपकेंद्रापर्यंत पाच टक्के घट धरली तर हातात साडेतेवीस. अर्जात आणि करारात २५ लिहिले तर रोज प्रत्येक पंधरा मिनिटांच्या ब्लॉकमध्ये दीड मेगावॉट कमी पडणार. एका ब्लॉकला ३७५ युनिट, दिवसाच्या ९६ ब्लॉकना ३६,००० युनिट. ही तूट ‘विचलन’ म्हणून मोजली जाते आणि तिची किंमत त्या वेळच्या दराने वसूल होते, जी विक्रीच्या दरापेक्षा चढी असू शकते. म्हणजे केंद्र उत्तम चाललेलं असताना महिन्याअखेरी बिल उलटं येतं. म्हणून मान्यतेचा आकडा मोजणीच्या ठिकाणचा घ्या आणि घट पावसाळ्यातली धरा, वार्षिक सरासरी धरू नका. नेपाळमध्ये निर्यात पावसाळ्यातच होते, तेव्हा आतल्या वाहिन्या भरून वाहत असतात आणि घट सरासरीपेक्षा जास्त असते.

तिसरी गोष्ट तार. नेपाळ-भारत मुख्य दुवा म्हणजे बिहारमधलं मुजफ्फरपूर ते नेपाळमधलं धल्केबर, ४०० केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट, विजेच्या दाबाचं माप) दुहेरी वाहिनी. ती २०१६ मध्ये सुरू झाली, पण १३२ केव्हीवर, कारण धल्केबरचं ४०० केव्हीचं उपकेंद्र तयार नव्हतं. २०१८ मध्ये २२० केव्हीवर आली आणि पूर्ण दाबाला आणखी दोनेक वर्षं लागली. कागदावर ‘४०० केव्ही वाहिनी उपलब्ध’ एवढंच वाचून आकडे मांडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तारेची जात काय यापेक्षा दोन्ही टोकांची उपकेंद्रं आज कुठल्या दाबावर चालतात, हे विचारा. शिवाय वाहिनीवरून किती वीज न्यायची याची मर्यादा दोन्ही देशांची संयुक्त तांत्रिक समिती ठरवते, आणि ती तारेच्या उष्णतेच्या क्षमतेपेक्षा बरीच खाली असते.

खाली का? नेपाळची ग्रिड भारताच्या ग्रिडशी एकाच फ्रिक्वेन्सीवर जुळून चालते आणि आकाराने तिच्यापुढे अगदी लहान आहे. पाच-सहाशे मेगावॉट बाहेर जात असताना ही वाहिनी ट्रिप झाली तर नेपाळच्या बाजूला वीज एकदम जास्त होते, फ्रिक्वेन्सी चढते आणि केंद्रं एकामागून एक सुटत जातात. ते टाळायला वाहिनी तुटताच ठराविक जनित्रं मिलिसेकंदांच्या हिशोबात बंद करणारी संरक्षण योजना बसवावी लागते. ती बसवून, तपासून दाखवली की मर्यादा वाढवायची चर्चा पुढे सरकते. निर्यातीचा कोटा वाढवून हवा असेल तर मंत्रालयात पत्रं लिहिण्याआधी रिलेच्या, म्हणजे बिघाड होताच जनित्र बंद करायचा इशारा देणाऱ्या उपकरणांच्या, सेटिंगचा अहवाल तयार ठेवा.

एक्स्चेंजवरची विक्री कशी चालते तेही सांगतो. शेजारी देशाच्या संस्थेला भारतीय एक्स्चेंजवर थेट बसता येत नाही. मान्यता घेतलेला भारतीय ट्रेडर तिच्या वतीने बोली लावतो. दुसऱ्या दिवसाच्या बाजारात सकाळी दहा ते बारा या वेळात बोली द्यायची, पंधरा-पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत. म्हणजे काठमांडूच्या भार प्रेषण केंद्राने सकाळीच उद्याचा पाण्याचा अंदाज द्यायला हवा. इथे पावसाळ्याचा घोळ असतो. नदीला अचानक गाळ आला की वाळू बसवायच्या टाक्या धुवाव्या लागतात आणि गाळाचं प्रमाण मर्यादेबाहेर गेलं की टर्बाइन वाचवण्यासाठी केंद्रच थांबवावं लागतं. बोली आदल्या दिवशीच लागून गेलेली असते. म्हणून पाण्याच्या आकड्याच्या काठोकाठ बोली लावू नये. आणि ज्या केंद्राची वीज मान्यतेत आहे ते थांबलं तर त्याच्या जागी दुसऱ्याची वीज आपोआप घालता येत नाही, हेही बोली लावणाऱ्याच्या समोर लिहून ठेवावं.

आता बांगलादेश. इथे वर सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला तिसरा देश जोडला जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये नेपाळ आणि बांगलादेशने ठरवलं की सध्याच्या वाहिन्यांवरून ४०-५० मेगावॉट द्यायला भारताची संमती मागायची. जून २०२३ च्या सुरुवातीला नेपाळचे पंतप्रधान दिल्लीत असताना तत्त्वतः होकार मिळाला. पुढे दर ठरणं, ट्रेडरचं कमिशन, बांगलादेशच्या मंत्रिमंडळ समितीची मंजुरी असं होत २८ जुलै २०२४ ही सहीची तारीख ठरली. पण ढाक्यात आंदोलन पेटलं आणि ती टळली. अखेर ३ ऑक्टोबर २०२४ ला काठमांडूत नेपाळ विद्युत प्राधिकरण, एनव्हीव्हीएन आणि बांगलादेश वीज विकास मंडळ यांचा त्रिपक्षीय करार झाला. १५ नोव्हेंबर २०२४ ला पहिली वीज गेली.

आणि त्याच दिवशी थांबली. करारातला हंगाम १५ जून ते १५ नोव्हेंबर असा आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी एकच दिवस हाती लागला. नियमित पुरवठा १५ जून २०२५ पासून. ज्यांना हंगामी वीज विकायची आहे त्यांनी ही तारीख भिंतीवर लावावी. वर्षभर चालणाऱ्या केंद्राला महिन्याभराचा उशीर महिन्याभराचाच पडतो. नदीवरच्या केंद्राला तोच उशीर अख्ख्या हंगामाचा पडू शकतो.

करार कसा रचला आहे ते पाहण्यासारखं आहे. दर युनिटला ६.४० अमेरिकी सेंट, मुदत पाच वर्षं. मोजणी मुजफ्फरपूरला. म्हणजे धल्केबर ते मुजफ्फरपूर या टप्प्यातली घट नेपाळच्या अंगावर, आणि तिथून पुढचा भारतातला वहन खर्च बांगलादेशाच्या. एनव्हीव्हीएनचं कमिशन युनिटला साधारण सहा पैसे. हिशोब करून बघा: ४० मेगावॉट म्हणजे दिवसाला ९ लाख ६० हजार युनिट. दीडशे दिवस धरले तर १४ कोटी ४० लाख युनिट. त्याचे नेपाळला होतात सुमारे ९२ लाख डॉलर आणि ट्रेडरला सुमारे ८५ लाख रुपये. रकमा फार मोठ्या नाहीत, पण भारताशी होणारा बराचसा व्यवहार रुपयात असताना नेपाळला इथे डॉलर मिळतात, ही त्यांच्यासाठी खरी कमाई.

लोक विचारतात, नेपाळची वीज ढाक्याला ‘जाते’ म्हणजे काय? प्रत्यक्षात काय होतं ते समजलं की मान्यतेतल्या बऱ्याच अटी आपोआप समजतात. भारत आणि बांगलादेश यांच्या ग्रिड एकाच फ्रिक्वेन्सीवर जुळून चालत नाहीत. पश्चिम बंगालमधल्या बहरमपूरहून ४०० केव्हीची वाहिनी बांगलादेशातल्या भेडामाराला जाते आणि तिथे बॅक-टू-बॅक एचव्हीडीसी स्टेशन आहे, ५०० मेगावॉटचे दोन खांब, म्हणजे वीज रूपांतरित करणारे दोन संच. एसीची डीसी आणि लगेच पुन्हा एसी. विदर्भातल्या वाचकांना हे नवं नाही, भद्रावतीला पश्चिम आणि दक्षिण ग्रिड जोडायला हीच रचना बसवलेली आहे. तर नेपाळ मुजफ्फरपूरला ४० मेगावॉट ओततो, ती बिहारमध्येच कुठेतरी वापरली जाते आणि भेडामाराच्या खांबातून तेवढीच जास्त वीज बांगलादेशात ढकलली जाते. इलेक्ट्रॉन बिहारमध्ये राहतात, शेड्यूल ढाक्याला पोचतं. म्हणजे या व्यवहाराला एकाच वेळी दोन जागा लागतात: मुजफ्फरपूरच्या तारेवर ४० मेगावॉटची आणि भेडामाराच्या खांबात ४० ची. भेडामाराची १००० मेगावॉटची क्षमता भारतातल्या केंद्रांशी झालेल्या जुन्या करारांनी बहुतेक भरलेली होती. आकडा ४० वरच का थांबला याचं उत्तर राजकारणात शोधणारे बरेच आहेत, पण आधी त्या खांबातली मोकळी जागा मोजावी.

या ४० मेगावॉटसाठी त्रिशूली आणि चिलिमे ही केंद्रं धरली गेली. दोन्ही एकाच खोऱ्यातली. ८ जुलै २०२५ ला रसुवा जिल्ह्यात महापूर आला आणि त्या खोऱ्यातली केंद्रं, चिलिमे आणि त्रिशूलीसह, बंद पडली. केंद्राच्या नावाने मान्यता घेण्यातला धोका यापेक्षा स्पष्ट कशाने दिसणार? म्हणून अर्ज करताना करारातल्या मेगावॉटपेक्षा जास्त क्षमतेची केंद्रं यादीत घाला आणि ती वेगवेगळ्या नद्यांवरची निवडा. ४० विकायचे तर शंभरची यादी मागा. यादीत नाव असणं म्हणजे वीज द्यायची सक्ती नाही, अडचणीच्या दिवशी हाताशी असलेली ती सोय आहे.

आता महाराष्ट्राचा प्रश्न. इथे दोन वाटा आहेत आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पहिली वाट एक्स्चेंजची. सोलापूरच्या सौर प्रकल्पाने किंवा साताऱ्याच्या पवनचक्क्यांनी बाजारात वीज विकली आणि त्याच वेळी नेपाळने हिवाळ्यासाठी बोली लावली, तर तुमची वीज हिशोबाने नेपाळला गेली असं म्हणता येईल. पण तुम्हाला निर्यातीची कुठलीच परवानगी लागत नाही. मान्यता घ्यायची ती नेपाळच्या वतीने बोली लावणाऱ्या ट्रेडरने. विकणाऱ्याला घेणारा कोण हे कळतही नाही. बऱ्याच मध्यम प्रकल्पांना एवढं पुरतं, आणि ते करायचं सोडून थेट कराराच्या मागे लागणं म्हणजे दीड-दोन वर्षांची धावपळ विकत घेणं.

दुसरी वाट थेट कराराची. इथे पहिला प्रश्न इंधनाचा. भारतातून निर्यात करायची वीज जलविद्युत, अक्षय ऊर्जा किंवा कोळशाची चालते, पण कोळसा आयातीचा, स्पॉट ई-लिलावातला किंवा व्यावसायिक खाणीतला हवा. चंद्रपूर-कोराडीसारख्या केंद्रांना लिंकेजचा कोळसा येतो. देशातल्या ग्राहकांसाठी सवलतीने दिलेला तो कोळसा आहे, त्याची वीज सीमेपार पाठवता येत नाही. दोन्ही प्रकारचा कोळसा जाळणाऱ्या केंद्राला इंधनाचा हिशोब वेगळा ठेवून दाखवावा लागतो, आणि खरी मेहनत तिथे आहे. दुसरा प्रश्न बांधिलकीचा. प्रकल्पाची वीज आधीच महावितरणशी करारबद्ध असेल तर शिल्लक क्षमतेचं प्रमाणपत्र लागतं. ‘आमच्याकडे शिल्लक आहे’ हे तुम्ही सांगून उपयोग नाही, ज्याचा हक्क आहे त्याने ते लिहून द्यायला हवं. हे पत्र मागायला सर्वांत आधी जा, कारण ते मिळायला सर्वांत जास्त वेळ लागतो.

कामाचा क्रम असा ठेवा. प्रथम देण्याचं ठिकाण ठरवा: मुजफ्फरपूर, बहरमपूर की आणखी कुठे, आणि तिथे तुमच्या महिन्यांत जागा आहे का ते एनएलडीसीकडून समजून घ्या. मग आंतरराज्य व्यापाराचा परवाना असलेला ट्रेडर. मग घेणाऱ्याशी कराराचा मसुदा, ज्यात दर आपसात किंवा स्पर्धात्मक निविदेने ठरतो. सही करताना ‘नियुक्त प्राधिकाऱ्याच्या मान्यतेच्या अधीन’ हे वाक्य असलंच पाहिजे, नाहीतर मान्यता अडली तरी दंड तुमच्या गळ्यात. मग प्राधिकाऱ्याकडे अर्ज. मान्यता आली की वाहिनीवरचा प्रवेश, जो १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएनए (ग्रिडचा सर्वसाधारण प्रवेश) आणि अल्प मुदतीसाठी टी-जीएनए (तात्पुरता प्रवेश) या नव्या पद्धतीने मिळतो. जुन्या दीर्घ-मध्यम-अल्प मुदतीच्या प्रवेशाचे नमुने अजून इंटरनेटवर फिरतात, ते भरू नका.

पैशाबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अपुरं राहील. परदेशी सरकारी मंडळ बुडत नाही, पण थकवतं. झारखंडमधल्या गोड्ड्याचं १६०० मेगावॉटचं केंद्र फक्त बांगलादेशासाठी बांधलेलं, वेगळ्या वाहिनीने जोडलेलं. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर थकबाकीमुळे तिथला पुरवठा निम्म्यावर आणावा लागला. त्याआधी १२ ऑगस्ट २०२४ ला भारत सरकारने तत्त्वांत दुरुस्ती केली होती. फक्त शेजारी देशासाठी चालणाऱ्या केंद्राची वीज दीर्घकाळ घेतली गेली नाही किंवा पैसे थकले, तर त्याला भारताच्या ग्रिडला जोडून देशात विकायची परवानगी सरकार देऊ शकतं. दुरुस्ती चांगली आहे, पण जोडणीची वाहिनी बांधायला वेळ लागतोच. म्हणून नवा प्रकल्प आखताना भारताच्या ग्रिडकडे जाणारा मार्ग नकाशावर पहिल्यापासून धरा. करारात फिरतं लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे वटवल्यावर पुन्हा भरलं जाणारं बँकेचं हमीपत्र, मागा, किमान एका महिन्याच्या बिलाइतकं. आणि ते वटवायची प्रक्रिया कोणत्या बँकेत, कोणत्या कागदांवर होईल हे सहीआधी बँकेच्या माणसासमोर बसून वाचून घ्या.

शेवटी मुदत. एक्स्चेंजवर विकायची मान्यता नेपाळला वर्षावर्षाने नूतनीकरण करून घ्यावी लागते, आणि ती पावसाळ्याच्या तोंडावर संपली तर निर्यात थांबते. खरेदीच्या मान्यतेतही तासांची बंधनं येतात, रात्रीची वीज नाकारून फक्त दिवसाची दिली जाते. म्हणून नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन-चार महिने आधी द्या, त्यात गेल्या हंगामाचे मीटरवाचन आणि विचलनाचे आकडे जोडा, आणि नव्या केंद्रांचा अर्ज त्यात मिसळू नका. जुन्याचं नूतनीकरण आठवड्यांत निघू शकतं. नव्या केंद्राची मालकी तपासायला महिने लागतात, आणि एकाच फाइलमध्ये असतील तर दोन्हींना महिने लागतात.